सहाशे अकरावी नोंद

डोंबिवली पूर्व
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय शुभदा,

नऊ वर्षांनी मेल करतोय, आणि तोही कामासाठी. तुझ्या जागी मी असतो तर न उघडताच उडवला असता. उघडला असशील तर आधीच आभार मानून ठेवतो.

आपलं 'फडताळ' सॉफ्टवेअर अजून चालू आहे. दोनशे सहा वाचनालयं पुस्तकांच्या देवघेवीसाठी ते वापरतात, म्हणजे निदान दोनशे सहा वाचनालयं त्याबद्दल तक्रार तरी करतात. आपला तक्रारींचा ट्रॅकर ज्यांच्या सर्व्हरवर इतकी वर्षं फुकटात राहिला, त्यांनी कळवलं की ३१ मार्चला दुकान बंद, चंबूगबाळं उचला. म्हणून मागच्या महिन्यात मी सगळं नव्या ठिकाणी हलवलं. आईने विचारलं, हलवलंस म्हणजे केलंस काय? तिला म्हटलं, पंधरा वर्षांच्या तक्रारवह्या एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवल्या. तर म्हणते, मग घरचा माळा आवरायला काय धाड भरते तुला?

तर हलवताना एक यादी द्यायची असते. जुन्या ठिकाणचं कोण म्हणजे नव्या ठिकाणचं कोण, याची. मी म्हटलं, नंतर भरू. तुला माझं 'नंतर' माहीत आहे. यादी कोरी राहिली आणि यंत्राने आपला सरळ अर्थ काढला, की ज्याने सामान आणलं त्याचंच सगळं. आता तिथे चार हजार नोंदी आहेत आणि प्रत्येकीवर माझं नाव. २०१३ मध्ये केदार विचारतो, 'केदार जिवंत आहे का?' त्यावर केदार म्हणतो, 'केदारकडून मी अपेक्षाच सोडली आहे.' त्याखाली केदारने लिहिलंय, 'सहमत.'

आमच्या उर्वीने हे जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. तू पाहिलीस तेव्हा दुसरीत होती, आता अकरावीत आहे आणि बापाची कीव करण्याइतकी मोठी झालीय. सगळे हसले. मीही हसलो.

यात तुझ्या सहाशे अकरा नोंदी आहेत. नव्या ठिकाणी अकाउंट उघडून मला कळवलंस तर त्या तुझ्या नावावर करता येतील. पाच मिनिटांचं काम आहे. मी पाच मिनिटं म्हणतो तेव्हा काय होतं, तेही तुला माहीत आहेच.

तुझा,
केदार

ठाणे
१९ फेब्रुवारी

केदार,

मेल मिळाला. फोन करू नकोस, लिहूनच बोलू.

तुझा हा पराक्रम मला तुझ्या आधी कळला होता. कसा ते सांगते. सासूबाईंच्या आजारपणात मी नोकरी सोडली, त्याला सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी त्या गेल्या. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा काम शोधते आहे आणि मुलाखतीला जाताना केस रंगवावेत की नाही यावर काम शोधण्यापेक्षा जास्त विचार करते आहे. शाळांच्या ग्रंथालयांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिथे जमेल असं वाटतंय. त्यांनी जुनं काम दाखवा म्हटलं. मी ऐटीत आपल्या ट्रॅकरचा दुवा पाठवला; तो आता नव्या ठिकाणी उघडतो हे मला काय माहीत. दोन दिवसांनी तिथल्या रुचिता मॅडमचा फोन. 'मॅडम, यात तुम्ही कुठे आहात? इथे सगळीकडे कोणी केदार आहेत.'

काय सांगणार? म्हटलं, तांत्रिक अडचण आहे. हे वाक्य आपण वाचनालयांना किती वेळा ऐकवलं होतं ते त्या क्षणी आठवलं.

मुलाखत ३ एप्रिलला आहे. सहा वर्षं रोज ऑफिस सुटल्यावर मी जे केलं त्याचा दुसरा कसलाही पुरावा माझ्याकडे नाही.

खरं सांगू? पाहिल्याबरोबर वाटलं, सवय गेली नाही याची. २०१६ चा सत्कार आठवत असेल. फडताळचा सत्कार, आणि शाल-श्रीफळ एकट्या तुला. मी तिसऱ्या रांगेत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली, प्रात्यक्षिक मध्येच बंद पडू नये म्हणून. निवेदक म्हणाला, 'एकहाती उभारलेला प्रकल्प.' तू मान डोलावलीस.

मग तुझ्या नावाखालचं वाचत बसले. शीळफाट्याजवळच्या एका गावातल्या कमळाबाईंनी विचारलंय, आमच्या गावात राघो पाटील चार आहेत, फडताळ एकाने नेलेलं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर टाकतं, काय करू? त्यावर उत्तर दिलंय, 'माणसांची नावं नीट भरता येत नसतील तर संगणकाच्या नादी लागू नका. वही वापरा.' अरे, वयाने मोठी बाई ती! आणि चूक तर आपल्या फडताळची होती. असं बोलायचास तू लोकांशी, आणि मी बाहेर तुझी बाजू घेत फिरायचे. मी सोडून गेले ते बरंच झालं.

शुभदा

डोंबिवली पूर्व
२० फेब्रुवारी

शुभदा,

मुलाखतीचं वाचून घाम फुटला. अगं, मी जाणूनबुजून केलं असेल असं तुला वाटलं तरी कसं? पंधरा वर्षांत मी जाणूनबुजून केलेलं एक तरी काम धड झालंय का?

सत्काराचं म्हणशील तर मला तुझं नाव घ्यायचं होतं. पण माइक हातात आलाच नाही. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ, खांद्यावरून शाल घसरतेय, पाहुण्यांना कल्याणला दुसऱ्या कार्यक्रमाला पोचायचंय म्हणून सगळे घाई करतायत. मी खाली उतरलो तोवर तू निघून गेलेलीस. पंधरा दिवसांनी तुझा एका ओळीचा मेल, 'ऑफिसचं काम वाढलं आहे.' मी त्यावर 'ओके' लिहिलं. ते 'ओके' अजून माझ्या डोळ्यांपुढे येतं.

कमळाबाईंना दिलेलं उत्तर वाईट आहे. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

आता उपाय एकच आहे. नव्या ठिकाणचं सगळं पुसायचं, नावांची यादी पूर्ण भरायची आणि जुन्या सर्व्हरवरून सगळं पुन्हा आणायचं. मधल्या काळात वाचनालयांनी नव्या ठिकाणी त्रेचाळीस तक्रारी टाकल्यात, त्या मी हाताने परत टाइप करीन. चांगलीच शिक्षा आहे, कारण त्यातल्या एकवीस माझ्या उद्धटपणाबद्दल आहेत. पण ३१ मार्चच्या आत व्हायला हवं. जुना सर्व्हर बंद झाला की कोणी काय लिहिलं हे कुठेच उरणार नाही. तू फक्त अकाउंट उघड.

केदार

ठाणे
९ मार्च

केदार,

उशीर मुद्दाम केला. तुला तीन दिवस ताटकळत ठेवायचं ठरवलं होतं. मग अकाउंट उघडलं आणि त्याचा पासवर्ड विसरले. मग नवा पासवर्ड ज्या मेलवर येणार त्याचाही विसरले. संगणक क्षेत्रातला वीस वर्षांचा अनुभव, असं मी अर्जात लिहिलंय. शेवटी मैथिलीने, म्हणजे माझ्या मुलीने, सगळं करून दिलं आणि वर विचारलं, 'आई, ते लोक तुला नोकरी नक्की कसली देतायत?'

अकाउंट खाली दिलंय. एक अट आहे. माझं जे आहे ते सगळं माझ्या नावावर आण. चांगलं काय, वाईट काय, हे निवडत बसू नकोस. मला तुझी मेहेरबानी नको आहे. मला माझं काम हवंय.

शुभदा

डोंबिवली पूर्व
२४ मार्च

प्रिय शुभदा,

झालं! पाच मिनिटांचं काम पंधरा दिवसांत संपवलं.

पहिल्या खेपेला यादीची एक ओळ घसरली आणि चारही हजार नोंदी तुझ्या नावावर गेल्या. वीस मिनिटं फडताळ तू एकहाती उभारलं होतंस. तसंच सोडून द्यावं असं मनात आलेलं. पण मग 'केदार जिवंत आहे का' हे माझ्या मामेभावाने, कमलेशने विचारलेलं, त्याचं श्रेय तुला कशाला? त्याने तेवढं एकच वाक्य या प्रकल्पाला दिलंय.

नावं जागेवर बसल्यावर सगळं वरून खालपर्यंत वाचलं. अगं, फार मजेशीर चित्र दिसतं. जिथे काहीतरी दुरुस्त झालंय तिथे तू आहेस. जिथे 'बघतो' लिहिलंय तिथे मी आहे. मी मोजलं, 'बघतो' मी एकशे सत्तर वेळा लिहिलंय. त्यातलं किती बघितलं ते मोजायचा धीर झाला नाही.

आता तुझा दुवा रुचिता मॅडमना खुशाल पाठव.

तुझा,
केदार

ठाणे
२६ मार्च

प्रिय केदार,

पाहिलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. देवनागरीतल्या अनुक्रमणिकेची दुरुस्ती मी केली होती हे मी स्वतःच विसरले होते. मैथिलीला बसवून दाखवलं. ती दोन मिनिटांत कंटाळली, पण 'भारी आहे' म्हणाली, आणि तिच्याकडून एवढंही महिनाभरात मिळत नाही.

रुचिता मॅडमना दुवा पाठवला. मनापासून आभार.

एक बारीकशी शंका आहे. तू सहाशे अकरा म्हणाला होतास. माझ्या पानावर सहाशे दहा दिसतायत. एक कुठाय?

शुभदा

डोंबिवली पूर्व
२७ मार्च

शुभदा,

चार हजारांत एक इकडची तिकडे झाली असेल. नाहीतर पहिल्यांदा मीच चुकीचं मोजलं असेल, माझी मोजणी ती काय! सहाशे दहा पुष्कळ झाल्या गं. मुलाखतीची तयारी कर. केस रंगवू नकोस, चांगले दिसतील.

केदार

ठाणे
२९ मार्च

केदार,

'बघतो' एकशे सत्तर वेळा, हे तू अचूक मोजतोस, आणि माझी एक नोंद इकडची तिकडे होते? नऊ वर्षं भेटलो नाही म्हणून मी तुला ओळखेनाशी झाले का?

शोधलं मी. तुझ्या नावावरच्या नोंदी एकेक करून वाचल्या. कमळाबाईंना दिलेलं ते उत्तर अजून तुझ्याच नावावर आहे. तारखेवर बोट ठेवलं की वेळ दिसते. २४ जानेवारी २०१६, संध्याकाळी सहा चाळीस. सहा चाळीसला तू व्यासपीठावर होतास, अंगावर शाल घालून घेत. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता.

शब्द मला अजूनही आठवत नाहीत. फक्त कीबोर्ड जोरात बडवल्याचं आणि शेजारच्या बाईंनी वळून बघितल्याचं आठवतंय. म्हणजे तुझा राग मी त्या बिचाऱ्या बाईवर काढला, विसरून गेले, आणि नऊ वर्षांनी तेच वाक्य पुरावा म्हणून तुझ्याच तोंडावर फेकलं. 'वयाने मोठी बाई ती' हेही वर तुलाच ऐकवलं. लाज वाटते रे. कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नाहीये, आणि गुरुवारी तर तेच दाखवायला जायचंय.

तुझाही रागच आलाय. मी लिहिलं होतं की निवडत बसू नकोस. तू निवडलंस. कोणी सांगितला होता हा मोठेपणा? परवा सर्व्हर बंद होईल. त्याआधी ते माझ्या नावावर कर.

शुभदा

डोंबिवली पूर्व
३० मार्च, पाडवा

शुभदा,

केलं. सकाळी गुढी उभारली आणि लगेच ते करून टाकलं. आता तुझ्या सहाशे अकरा आहेत.

थोर वगैरे समजू नकोस. ते उत्तर तुझं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी वाचलेलं. कमळाबाईंना फोन करून माफी मागू या, असं ठरवलं आणि म्हटलं, बघतो. पुढे तू गेलीस, तेव्हा तुझ्याकडे येऊन विचारायला हवं होतं, तेही बघतोच म्हटलं.

यंदा तू ते माझ्या अंगावर फेकलंस तेव्हा खरं सांगायला पहिले दोन दिवस भीती वाटली, की तू अकाउंटच उघडणार नाहीस. नंतर मात्र मला जरा बरं वाटायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे दुसऱ्या कोणाची तरी चूक होती! रोज सकाळी चहा पिताना ती उघडून बघायचो आणि किती हा माझा त्याग म्हणून स्वतःवरच खूश व्हायचो. उर्वीने विचारलं, बाबा, तुम्ही शिव्या वाचून हसता का?

आता गुरुवारी ते लोक तुझं पान वाचतील तेव्हा हेही वाचतील. अजून वेळ आहे, हवं तर सांग, आज रात्रीपर्यंत फिरवता येईल.

केदार

ठाणे
६ एप्रिल

प्रिय केदार,

फिरवायला सांगितलं नाही, हे तू पाहिलंसच.

मुलाखतीत त्यांनी ते वाचलंच. रुचिता मॅडमनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हे तुम्हीच लिहिलंय? म्हटलं, हो, मीच. मग त्यांनी विचारलं, पुढे त्या बाईंचं काय झालं? मला माहीत नव्हतं. कमळाबाई काय करतात, वाचनालय चालू आहे की बंद, काही माहीत नव्हतं. नोकरीचं अजून कळवलेलं नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून काल उठले आणि शीळफाट्याला गेले.

गावात विचारत गेले. कमळाबाईंच्या शेतावर आता सात मजली इमारत आहे. तळमजल्यावर तीन गाळे आहेत, दोन भाड्याने दिलेत, तिसऱ्यात वाचनालय. तो गाळा भाड्याने द्या म्हणून मुलगे मागे लागलेत आणि कमळाबाई दाद देत नाहीत. सत्तरीच्या आहेत. मी कोण ते सांगितलं, तर सुनेला हाक मारून म्हणाल्या, 'कृतिका, चाय टाक, ती संगणकवाली आलीय.' ती तक्रार तेव्हा कृतिकाने टाइप केली होती. उत्तर तिला पाठ आहे. माझ्यासमोर म्हणून दाखवलं.

आणि केदार, त्यांनी ऐकलं रे. खरंच वही वापरतात. संगणक कापड घालून कोपऱ्यात ठेवलाय. मला वही दाखवली. राघो शाळंकडचा, राघो टेंपोवाला, राघो नयनचा बाप, आणि चौथा नुसताच राघो. एकही पुस्तक हरवलेलं नाही. 'तू सांगलंस तां बराच झाला, वही बरी,' म्हणाल्या. टोमणा मारतायत की मनापासून म्हणतायत ते मला कळेना. मला हसू येत होतं आणि रडूही.

मी माफी मागितली. सरळ सांगितलं की चूक आमच्या फडताळची होती, तुमची नव्हती, आणि मी त्या दिवशी रागात होते. त्यांनी विचारलं, 'रागान व्हतीस ती कोनावर? आमचेवर त नसशील.' म्हटलं, नाही, माझ्या एका मित्रावर. तर म्हणाल्या, 'मंग त्यालाच लिवाचा व्हता. मना कशाला लिवलास?'

चहा पिऊन परत आले.

तर आता ज्याला लिहायचं त्याला लिहिते. नव्या ट्रॅकरवर आज एक तक्रार नोंदवली आहे, माझ्या नावाने, तुझ्यावर. इथेही लिहिते. २४ जानेवारी २०१६ ला तू माझं नाव घेतलं नाहीस. मला फार लागलं. मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं आणि मी 'ऑफिसचं काम वाढलं' असं खोटं लिहून निघून गेले. निम्मं फडताळ माझं होतं. तू ते म्हणायला हवं होतंस.

शुभदा

डोंबिवली पूर्व
७ एप्रिल

शुभदा,

तक्रार वाचली. यावेळी 'बघतो' लिहीत नाही.

माइक माझ्या हातात आला होता. मी तुला फेब्रुवारीत खोटं लिहिलं, आणि त्याआधी नऊ वर्षं घरात सगळ्यांना तेच सांगत आलो. चांगला चार मिनिटं बोललो मी. तू तेव्हा स्क्रीनमध्ये मान घालून बसलेलीस, तुझं लक्ष नसावं. आभार मानले मी, आईचे, बायकोचे, सभागृहाच्या व्यवस्थापकांचे. तुझं नाव सुचलं नाही असं नाही. ओठांवर आलेलं. पण समोर लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला वाटलं, आजच्या दिवस सगळं माझं एकट्याचं असू दे, उद्या सांगू लोकांना.

एवढंच होतं. बाकी नारळ, गुच्छ, पाहुण्यांची घाई हे सगळं मी नंतर रचलेलं.

चूक माझी होती, शुभदा. माफ कर. हेच सगळं मी तुझ्या तक्रारीखाली, दोनशे सहा वाचनालयांना दिसेल असं लिहिलंय, माझ्या नावाने. ती तक्रार मी बंद करणार नाही. बंद करायचा अधिकार तुझ्याकडे आहे, आणि घाई अजिबात नाही.

केदार